क्यूच्या शेजारचा यू

माझं इंग्रजी कच्चं आहे हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे तुम्ही शोधून काढाल आणि वर मलाच पत्र लिहाल. नववीत मी इंग्रजीत नापास झाले होते. पुन्हा त्याच वर्गात बसून पास झाले, ते काठावर. आणि तरीही रत्नागिरीच्या एका दैनिकात मी तेवीस वर्षं दर रविवारी इंग्रजी शब्दकोडं घालत होते. कोड्याखाली माझं नाव नसायचं. तिथे 'शब्दपंडित' असं छापलेलं असे. ते नाव आधीच्या कोडंवाल्या गृहस्थांचं. ते बँकेतून निवृत्त झालेले होते. मुलाकडे पुण्याला राहायला गेले तेव्हा कोड्यांची वही घेऊन गेले, पण नाव विसरून गेले.

मला तिथे घेतलं होतं छोट्या जाहिराती आणि टेलिफोन यासाठी. 'बोलेरो विकणे आहे', 'हापूस कलमे मिळतील', 'माझे आजोबा हरवले आहेत' वगैरे. कोडंवाले गेले त्या आठवड्यात आमचे संपादक सुर्वे साहेब माझ्या टेबलापाशी आले.

"मयेकर, तू दुपारच्या सुट्टीत कोडी सोडवत बसतेस ना?"

"मराठी कोडी, साहेब."

"मग काय झालं? अक्षरंच बदलायची आहेत."

वर्तमानपत्रात नेमणुका अशाच होतात. आमचा क्रीडा प्रतिनिधी एका पायाने अधू होता आणि राशिभविष्य लिहिणाऱ्याचं स्वतःचं लग्न दोनदा मोडलेलं होतं. मी 'हो' म्हटलं.

कोडं साधं असायचं. अमुक अक्षरांचा शब्द, त्यात अमुक अक्षरं हवीत. हल्ली मोबाइलवर पाच अक्षरांचा खेळ सगळे खेळतात, तसलंच काहीसं, पण कागदावर. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्याच रविवारी मी घातलं: पाच अक्षरी शब्द, त्यात एम, जी आणि ओ हवेत. माझ्या डोक्यात आंबा. रत्नागिरीत दुसरं काय येणार? बुधवारपर्यंत टपाल आलं. एकाने उदासपणा पाठवला, एका बाईंनी नवरदेव, एकाने परीकथेतला बुटका. इंग्रजीत या सगळ्यांत पाचच अक्षरं आणि सगळ्यांत एम, जी, ओ. आंबा फक्त निम्म्या लोकांना सुचला होता. नवरदेव पाठवणाऱ्या बाईंनी खाली लिहिलं होतं, 'उदासपणा आणि नवरदेव यांतलं कुठलंही चालेल.'

तेव्हा मला धंदा कळला. एक उत्तर ठाऊक असणं म्हणजे काहीच नाही. दुसरी उत्तरं किती आहेत हे आधी ठाऊक हवं. मी चपलांच्या दुकानातून रिकामे खोके आणले. चार अक्षरींचा एक, पाच अक्षरींचा एक, सहा अक्षरींचा एक. शब्दकोशातले शब्द जाहिरातींच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्यांवर उतरवून खोक्यात टाकायचे, आणि प्रत्येक कोडं छापायच्या आधी तो पूर्ण खोका हाताने चाळायचा. दोन दिवस जायचे. पाच अक्षरींचा खोका इतका भरला की त्याला सुतळी बांधावी लागे. संगणक आल्यावरही मी खोके सोडले नाहीत. संगणक सगळे शब्द सांगतो, पण कोणता शब्द लोकांच्या डोक्यात आधी येईल ते त्याला कळत नाही.

हे मी का म्हणते ते सांगते. एकदा मी कोडं घातलं: चार अक्षरी शब्द, पहिलं अक्षर एफ, शेवटचं के. सोबत सूचना दिली, 'हा चांगल्या घरांत असतो, पण पाहुणे आले की बाहेर काढतात.' मला काटा म्हणायचा होता, चमच्याबरोबरचा. सोमवारी सकाळी साडेनऊला फोन सुरू झाले. एक गृहस्थ म्हणाले, "आमचा नातू उत्तर सांगतोय आणि सूनबाई घर सोडून जायच्या तयारीत आहे." अकरापर्यंत सुर्वे साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मयेकर, तुला हा शब्द माहीत आहे?"

"काटा ना, साहेब?"

"तो नव्हे. दुसरा."

"दुसरा कुठला?"

त्यांनी पंख्याकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं, आणि "जा तू" म्हणाले. अखेर आमच्या धोंडूने, म्हणजे शिपायाने, जिन्यात मला अर्थासकट समजावलं. "बाय, वायट शिवी हाय ती. मुंबयला गोदीत होतो तवा रोज ऐकायचो." नववीत नापास झालेल्या बाईचं इंग्रजी असं पूर्ण झालं.

आता लिमये सरांविषयी. मला नववीत नापास करणारे ते हेच. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, नेहमी पांढऱ्या शर्टात, बोलताना प्रत्येक शब्द वेगळा टाकणारे. आमच्या कोड्याचे ते सर्वांत कडक वाचक. दर सोमवारी दहाच्या ठोक्याला त्यांचा फोन येई. तो मीच घ्यायची, कारण फोन घेणं हीच माझी खरी नोकरी.

"शब्दपंडितांना द्या."

"साहेब मीटिंगमध्ये आहेत. काय विचारू?"

"विचारा, की कालच्या तिसऱ्या कोड्याला दोन उत्तरं निघतात हे त्यांना मान्य आहे का."

"विचारून सांगते हं सर." मी रिसीव्हर टेबलावर ठेवायची आणि खोक्याची सुतळी सोडायची. कधी पाच मिनिटं, कधी दहा. मग घसा साफ करून सांगायची, "साहेब म्हणतात, मान्य आहे."

"सज्जन गृहस्थ दिसतात. शिक्षण कुठलं त्यांचं?"

"इथलंच, सर."

"अशक्य," ते म्हणायचे. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. भीतीने नव्हे. मला मजा येत होती.

करोनाच्या आधी एक-दोन वर्षं सुर्वे साहेबांनी वार्षिक स्पर्धा काढली. सहा महिने दर रविवारी कोडी, प्रत्येक बरोबर शब्दाला एक गुण, आणि पहिल्या आलेल्याचा फोटो दिवाळी अंकात. पहिल्या वर्षी लिमये सर दुसरे आले. पहिली आली चिपळूणची एक डॉक्टरीण. दुसऱ्या वर्षी तिला मूल झालं आणि मैदान मोकळं झालं. शेवटच्या रविवारपर्यंत सर आणि अलोऱ्याचे यशवंत कांबळे नावाचे गृहस्थ बरोबरीत होते. कांबळ्यांना मी पत्रांतूनच ओळखत होते. धरणाच्या प्रकल्पात फिटर म्हणून निवृत्त झालेले. पोस्टकार्डावर ठळक, तिरक्या अक्षरांत शब्द लिहायचे आणि शेवटी 'चूक असल्यास कळवावे' अशी ओळ.

शेवटच्या रविवारचं कोडं होतं: ज्यात क्यू येतो असे पाच अक्षरी शब्द जास्तीत जास्त लिहा. आणि मी शहाणपणा करून खाली छापलं, 'सूचना: क्यूच्या शेजारी यू असतोच.' ही सूचना मी कुठून आणली? लिमये सरांच्या वर्गातून. ते फळ्यावर क्यू काढायचे, त्याच्या शेजारी यू काढायचे आणि म्हणायचे, "हे नवराबायको. एकटा क्यू कुठे दिसला तर तो घरातून पळून आलेला समजावा." वह्यांत यू विसरला की तांबड्या शाईचा गोळा.

सरांनी अठरा शब्द पाठवले. कांबळ्यांनी एकोणीस. अठरा दोघांचे सारखेच, राणी, शांत, रांग, समान वगैरे. कांबळ्यांचा एकोणिसावा होता फकीर. एफ, ए, क्यू, आय, आर. यू नाही. खाली लिहिलं होतं, 'आपली सूचना वाचली. तरीही पाठवत आहे. चूक असल्यास कळवावे.'

मी मोठा शब्दकोश उघडला. तिथे फकीर होता. पहिलं स्पेलिंग के घालून, पण त्याच्याच पुढे क्यूचं, कोशाने मान्य केलेलं. मी पान तीनदा वाचलं. मग मान्य करून टाकलं आणि निकाल छापायला दिला.

सोमवारी दहाला फोन. त्या दिवशी सरांचा आवाज बारीक होता.

"शब्दपंडितांना सांगा, फकीर हा शब्द इंग्रजी नाही. तो आपल्या दारात येतो. इंग्रज कधी झाला?"

"साहेब म्हणतात, कोशात आहे."

"कोशात पुष्कळ घाण असते. नियम काय आहे? नियम त्यांनी स्वतः छापला. स्वतःचा नियम मोडून एका माणसाला पहिलं काढायचं असेल तर तसं सांगा." थोडं थांबून ते म्हणाले, "मी उद्या येतोय. समक्ष बोलेन."

मी रिसीव्हर ठेवला. खरं सांगते, निर्णय बरोबर होता याबद्दल मला शंका नव्हती. शंका होती ती माझ्याबद्दल. एका गुणाने सर हरतात हे दिसल्यावर मला जे बरं वाटलं होतं ते काही कोशामुळे नव्हतं. फकीर सरांनी पाठवला असता आणि कांबळ्यांनी आक्षेप घेतला असता, तर मी कोशाचं पान तीनदा वाचलं असतं का एकदाच, कोण जाणे.

मी सुर्वे साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कांबळ्यांना पण बोलाव. फोटो काढायचाच आहे. भांडण झालं तर तो पण काढू."

दुसऱ्या दिवशी अकराला सर काठी टेकत जिना चढून आले. पाठोपाठ कांबळे आले, पहाटेची एसटी पकडून, इस्त्रीचा शर्ट आणि खिशात दोन पेनं. साठी ओलांडलेले असतील, पण ताठ. धोंडूने चहा आणला. मी वही घेऊन कोपऱ्यात बसले, जणू मी मीटिंगची नोंद घेणारी.

सर म्हणाले, "आपण शिक्षक होता?"

"नाही सर. फिटर. पॉवरहाऊसला."

"मग इंग्रजी?"

"मशीनबरोबर पुस्तकं यायची ना, जाडजूड. इंजिनियर साहेब बदलून जायचे, पुस्तकं राहायची. वाचली नाही तर बोट जायचं." त्यांनी डावा हात वर केला. करंगळी अर्धीच होती. "हे वाचायला लागायच्या आधीचं."

सर हसले नाहीत, पण खुर्चीत जरा सैल बसले. "तरीसुद्धा, कांबळे, फकीर आपला शब्द आहे. अरबांकडून आलेला. त्याला इंग्रजी कसं म्हणायचं?"

कांबळ्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "सर, माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मी पोटात होतो. गावातले लोक कैक वर्षं म्हणायचे, हे खरे बौद्ध नव्हेत, कालपर्यंत वेगळे होते. वडील म्हणायचे, मी धम्म घेतला, धम्माने मला घेतलं, मध्ये तुम्ही कोण? शब्दाचं तसंच आहे. त्यांनी घेतला, कोशात जागा दिली. आता तो त्यांचा. आपल्याकडचा राहिला तो राहिलाच."

 सरांनी हात पुढे केला. "कोश."

मी कोश दिला. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि ते पान वाचलं. मग पुढची पानं चाळत बसले. मला वाटलं काहीतरी पळवाट शोधतायत. ते क्यूच्या पानांवर गेले होते. तिथे यूशिवायचे आणखी पाच-सहा शब्द होते, सगळे असेच दूरवरून आलेले. सरांनी भिंग बंद केलं.

"चौतीस वर्षं," ते म्हणाले. "किती जणांचं खोडलं असेल मी." मग एकदम ताठ होऊन, "आणि शब्दपंडित कुठे आहेत? त्यांनी निदान समोर यावं."

सुर्वे साहेब खिडकीबाहेर बघू लागले. मी उठून उभी राहिले, नववीत उठायची तशीच, हात मागे बांधून.

"मीच, सर. रेखा मयेकर. तुमच्या वर्गात होते. दोन वर्षं."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. ओळख पटायला वेळ लागला. पटली तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

"तू मला दर सोमवारी दहा-दहा मिनिटं फोनवर ताटकळत ठेवायचीस?"

"हो, सर."

"वर्गात बाकावर उभं केलं त्याची फेड?"

"नाही सर. मला उत्तर शोधायला वेळ लागायचा."

कांबळे पहिल्यांदा मोठ्याने हसले. सर हसले नाहीत. त्यांनी काठी उचलली, कांबळ्यांशी हस्तांदोलन केलं, आणि जिन्याकडे निघाले. फोटोत मात्र यायला नकार दिला. कांबळ्यांनी त्यांना हाताला धरून रिक्षापर्यंत पोचवलं.

चार दिवसांनी वाचकांच्या पत्रव्यवहारासाठी त्यांचं पत्र आलं. सुवाच्य, पाच ओळींचं. 'मी चौतीस वर्षे विद्यार्थ्यांस क्यू या अक्षरापुढे यू अनिवार्य असल्याचे शिकविले. हे चूक होते. या कारणास्तव ज्यांचे गुण मी कापले असतील त्यांनी माझ्या घरी येऊन ते परत न्यावेत. वेळ सायंकाळी पाच ते सात.'

सुर्वे साहेब म्हणाले, "म्हातारा चिडलाय की खरंच लिहिलंय?" मी म्हटलं, खरंच लिहिलंय, सरांना विनोद येत नाही. छापलं.

लोक गेले. कुणाला वाटलं नव्हतं, पण गेले. माझ्याकडेही कचेरीत पत्रं येऊन पडली, ती घेऊन मी एका संध्याकाळी सरांच्या घरी गेले. ओटीवर सहा-सात माणसं बसली होती, सगळी पन्नाशी-साठीची, पोटं सुटलेली, हातात जुन्या वह्या. सर तांबडं पेन घेऊन एकेकाला तपासत होते. माझ्या वर्गातला भाटकर आला होता. सरांनी त्याला परत पाठवला. म्हणाले, "याने आयुष्यात क्यू काढलेला नाही."

सगळे गेल्यावर शेवटी एक जण राहिला. पांढरी दाढी, खांद्यावर पंचा, बरोबर आंब्याची करंडी. इकबाल मुकादम. वीसेक वर्षं आखातात बोटीवर होता, आता बाग करतो. मी त्याला नावाने ओळखत होते, कारण त्याच्या कलमांची जाहिरात माझ्याकडेच यायची.

"वही नाही आणलीस?" सरांनी विचारलं.

"वही नाही सर. माझा शब्द नव्हता. माझं नाव होतं." त्याने खिशातून पासपोर्ट काढून समोर ठेवला. "मी आय, क्यू, बी, ए, एल लिहायचो. अब्बांनी शिकवलं होतं तसं. दहावीचा फॉर्म तुम्ही भरलात, वर्गशिक्षक म्हणून. क्यूच्या शेजारी यू घातलात. तो दाखल्यावर गेला. दाखल्यावरून पासपोर्टवर."

सरांनी पासपोर्ट उघडला. भिंग लागलं नाही. यू चांगला मोठा होता.

"विमानतळावर दर वेळी थांबवायचे," इकबाल म्हणाला. "तिकडचे लोक म्हणायचे, हे नाव कुणाचं? मी सांगायचो, माझं आणि माझ्या मास्तरांचं."

 सरांनी पेन टेबलावर ठेवलं, परत उचललं.  "अर्ज करू आपण. राजपत्रात द्यावं लागतं नाव बदलायला. मी लिहून देतो, चूक माझी होती म्हणून. रेखा, जाहिरात तुझ्याकडे देता येईल ना?"

"येईल सर," मी म्हटलं.

"नको," इकबाल म्हणाला. त्याने पासपोर्ट हळूच सरांच्या हातातून घेतला आणि खिशात घातला. "त्या यूवर नोकरी झाली, बाग झाली, हज झाली. मुलींच्या दाखल्यांवर बापाच्या नावात तोच आहे. आता काढला तर बँकवाला विचारेल, हा कोण नवीन माणूस? राहू दे त्याला. सवय झालीय."

"मग तू आलास कशाला?"

 इकबालने करंडीवरचं गवत उगीच सारखं केलं.

"गुण द्या ना, सर," तो म्हणाला. "तो तर माझाच होता."

सरांनी कोरा कागद ओढला. त्यावर इकबालचं नाव इंग्रजीत लिहिलं, पाचच अक्षरं, सावकाश. शेजारी तांबड्या शाईने एक हा आकडा काढला, त्याला गोल केला, आणि खाली सही केली.